उभ्यानं मोजा

फोन वाजला तेव्हा हेमलता हॉलच्या फरशीवर उताणी पडली होती. सकाळचे अकरा वाजले होते. पाठीला फरशी गार लागत होती आणि छातीत श्वास कसा शहाण्यासारखा येत-जात होता. फोन हाताच्या अंतरावर होता. तिनं पडल्या पडल्याच तो कानाला लावला.

"मावशी, रागावू नका हं, पण तुम्हाला बरं नाहीये का?" सुट्टीला भाड्यानं देत असलेल्या या बंगल्याच्या मालकीणबाई, साधनामॅडम, पुण्यातून बोलत होत्या.

"बरं हाय की. का वो?"

"नाही, म्हणजे कॅमेऱ्यात दिसतं ना. सोमवारपासून बघतेय. रोज अकराला तुम्ही आडव्या होता, मग परत साडेबाराला. आत्तासुद्धा आडव्याच आहात."

हेमलता ताडकन उठली. पदर सावरला, केस मागं सारले. "फरशी पुसत व्हते," ती म्हणाली.

"झोपून?" पलीकडं मॅडमच्या मागं कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत, त्या चांगल्या घरच्या होत्या. "हे बघा मावशी, शनिवारी बारा माणसं येणार आहेत. झेपत नसेल तर तसं सांगा, ओढूनताणून नको. ताम्हिणीकडचं एक जोडपं विचारत होतं कामासाठी. मी अजून काही बोलले नाहीये त्यांना."

"झेपतंय की," हेमलता म्हणाली, आणि एवढे दोन शब्द उभ्यानं बोलताना तिचा दम संपला.

फोन ठेवून तिनं वर पाहिलं. छताच्या कोपऱ्यात तो पांढरा गोळा होता, मधे काळं बुबुळ. दर आठवड्याला काठीला फडकं बांधून ती त्याच्यावरची कोळ्याची जाळी काढायची. चोरांसाठी बसवलाय, असं तिला सांगितलं होतं आणि ते तिनं मानलंही होतं. या घरात सहा वर्षांत तिनं साखरेचा दाणा इकडचा तिकडं केला नव्हता. चोरी करताना सापडली असती तर तिनं भांडून घेतलं असतं, रडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या. पण ती सापडली आडवी पडलेली. भर दिवसा, परक्याच्या घरात, पाय पसरून. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसात कॉफी पिता पिता लोकांनी तिला तसं पाहिलं. अंगावरचं लुगडं कुणी फेडावं तशी ती शरमली, आणि शरमेत उभी राहिली तसा श्वास आणखी गेला. ती भिंतीला टेकली. कॅमेऱ्याखाली उभी राहून, कॅमेऱ्याकडं पाहत, तोंड उघडं टाकून ती धापा टाकत राहिली. बघा आता, हेबी बघा. पण आता बहुतेक कुणी बघत नव्हतं. बाई उभी असली की बघण्यासारखं काय असतं?

हा दम साधा नव्हता, हे तिला दीड वर्षापासून ठाऊक होतं. चढ चढल्यावर लागतो तो दम तिला माहीत होता. डोक्यावर भाताचे भारे घेऊन कोळवणच्या खाचरांतून ती तीस वर्षं चालली होती. तो दम थांबलं की थांबतो. हा थांबून वाढायचा. उभं राहिलं की श्वास आत यायचा, बाहेर जायचा, पण अंगाला लागायचा नाही. जेवावं आणि भूक तशीच राहावी, तसं. कानात गुंई व्हायची, ओठ जड पडायचे, नखं जांभळाच्या रसात बुडवल्यासारखी दिसायची. आणि आडवं पडलं की पाच मिनिटांत सगळं जागेवर. म्हणजे दुखणं असं की ज्याचं औषध फुकट, आणि ते औषध बाईनं घ्यायचं नाही.

ते का घ्यायचं नाही, हे तिला सासूनं शिकवलं होतं. साळूबाई बोलायची कमी, पण बोलली की जखम व्हायची. "दिसा बाई आडवी झाली का लक्ष्मी उंबऱ्यावरनं म्हागारी जाती." बाई दिवसा आडवी व्हायची ती तीनदाच: बाळंतपणात, ताप डोक्यात गेल्यावर आणि तिरडीवर. शंभूशी लग्न होऊन हेमलता सासरी आली तेव्हा अठराची होती. बाप मुंबईला गिरणीत होता, त्यानं हौसेनं हेमलता असं नाव ठेवलेलं. साळूबाईनं पहिल्याच दिवशी त्याचं 'हेमे' केलं. तेव्हा घरात थोरली जाऊ होती, रत्नाबाई. गोरी, लांब मानेची, सदा दमलेली. लावणीत चिखलातून बांधावर यायची आणि सरळ आडवी व्हायची, पावसात, डोळे मिटून. हेमलता नवी होती, सासूच्या मर्जीत बसायचं होतं. तिनंच जाऊन सांगितलं, "आत्याबाई, थोरल्या बाई बांधावर निजल्यात." साळूबाई गेली, घमेलंभर चिखल उचलला आणि रत्नाबाईच्या तोंडावर ओतला. सगळ्या बाया हसल्या. हेमलता सगळ्यांत मोठ्यानं हसली. रत्नाबाई उठली, डोळ्यांतला चिखल बोटानं काढला आणि रांगेत येऊन रोपं लावू लागली. दोन वर्षांनी ती मेली. कशानं मेली ते कुणी विचारलं नाही. नवरा जिवंत असताना गेली, अहेव गेली, भाग्याची म्हणून गावातल्या बायांनी रांग लावून तिच्या पायाला हळदकुंकू लावलं. जिवंतपणी तिला कुणी घडीभर पडू दिलं नाही आणि मेल्यावर पाया पडायला ही गर्दी. हेमलतानंही लावलं कुंकू. पाय गार होते आणि नखं निळी होती. ती नखं तिला चाळीस वर्षांत कधी आठवली नाहीत. आता ती रोज आठवत होती, स्वतःच्या हाताकडं पाहिलं की.

मॅडमचा फोन आला त्या दिवसापासून पडायला जागा उरली नाही. हॉलमधे कॅमेरा, स्वयंपाकघरात कॅमेरा, अंगणात दोन, पोहण्याच्या टाकीवर एक. ही टाकी जिथं होती तिथंच पूर्वी शंभूचं खाचर होतं. जमीन विकली, शंभू गेला, आणि ती स्वतःच्याच खाचरावर बांधलेल्या घराच्या फरशा पुसायला लागली. याचं तिला वाईट वाटायचं म्हणावं तर तसंही नव्हतं. काम काम असतं. पण आपल्या जमिनीवर आपल्याला अंग टाकायला जागा शोधावी लागते, हे तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. शेवटी टाकीच्या औषधांची खोली सापडली. क्लोरीनचे निळे डबे, फाटक्या खुर्च्या, मोडकी छत्री. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. पण तिथं बुबुळ नव्हतं. डब्यांच्या आडोशाला पोतं टाकून ती पडायची, दार आतून लावून. घरात दुसरं कुणी नव्हतं, शनिवारपर्यंत कुणी येणार नव्हतं, तरी दार लावायची.

तिथंच तिला ते यंत्र सापडलं. करोनाच्या दिवसांतल्या मास्कांच्या आणि सॅनिटायझरच्या बाटल्यांच्या खोक्यात, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा. तेव्हा आशाताई दारोदार हिंडून सगळ्यांच्या बोटांना लावायच्या, तेव्हाच ते आकडे सगळ्यांना पाठ झाले होते: पंच्याण्णवच्या वर बरं, नव्वदच्या खाली दवाखाना. तिनं रिमोटमधले सेल काढून त्यात घातले आणि उगाच, खेळ म्हणून, पडल्या पडल्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. मग ती उठून बसली. आकडा हलला. एक्क्याण्णव, एकोणनव्वद. उभी राहिली. पंच्याऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी. डोळ्यांपुढं काजवे आले तशी ती खाली बसली, मग पडली. पंच्याऐंशी, ब्याण्णव, सत्त्याण्णव. तिनं पुन्हा केलं. दुसऱ्या हाताच्या बोटाला लावून केलं. सेल बदलून केलं. दुसऱ्या दिवशी केलं, तिसऱ्या दिवशी केलं. आकडा तिच्या उठण्याबसण्याचं ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिची बाजू घेत होतं, आणि ते बोटाएवढं प्लास्टिक होतं. त्या घाणेरड्या वासात पोत्यावर पडून ती हसली. मग लक्षात आलं, हे सांगायचं कुणाला?

पौडच्या डॉक्टरांना सांगता आलं असतं. त्यांच्याकडं ती तीनदा जाऊन आली होती. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या दारात रोज साठ माणसं असायची. आत गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "पडा टेबलावर." ती पडायची. पडलं की दम जायचा. डॉक्टर छाती तपासायचे, बोटाला चिमटा लावायचे, काळजाची पट्टी काढायचे, आणि सगळं चांगलं निघायचं. ज्या टेबलावर दुखणं शोधायचं त्याच टेबलावर ते लपून बसायचं. "दमा असेल सुरुवातीचा, रक्तपण कमी आहे. फवारा घ्या. आणि रात्री सपाट झोपू नका, तीन उशा घ्या, डोकं उंच ठेवा." दम लागलेल्या माणसाला उठवून बसवायचं, हे डॉक्टरपासून गुराख्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. तिला मात्र त्या तीन उशांवर रात्र काढताना मरण जवळ आल्यासारखं वाटायचं. उशा ढकलून ती सपाट व्हायची तेव्हा झोप लागायची. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "उशांनी फरक?" ती म्हणाली, "व्हय." एवढ्या शिकलेल्या माणसाला, साहेब मला सपाट पडलं की बरं वाटतं, असं सांगायचं म्हणजे मी आळशी हाय, असं लिहून देण्यासारखं. "पडल्यावर कसं वाटतं?" असं त्यांनी एकदा विचारलं असतं, तरी ती बहुतेक खोटंच बोलली असती. चूक एकट्या डॉक्टरची नव्हती. साळूबाई मरून वीस वर्षं झाली होती तरी टेबलाच्या उशाशी उभी असायची.

शेवटी तिनं मुलाला फोन केला. ऋषिकेश हिंजवडीला कंपनीत होता, बायको शुभांगी, फ्लॅट नवव्या मजल्यावर. तिनं आकडे सांगितले, पण पडण्याचं मधेच गिळलं. "उभं राह्यलं का एकोणऐंशी दावतंय रं."

"आई, ते जुनं मशीन असेल. सेल गेले असतील."

"नवं घातलेत."

"मग चायनाचं असेल. अगं एकोणऐंशीला माणूस बोलत नसतो, आयसीयूत असतो." मग जरा थांबून म्हणाला, "बरं ऐक, त्या मॅडमचा फोन आला होता मला. म्हणे तुझी आई दिवसभर झोपून असते. मी चांगलं झापलं. म्हटलं मॅडम, माझ्या आईला जन्मात कधी दिवसा आडवी झालेली मी पाहिली नाही. तुम्ही दुसरं कुणीतरी बघितलं असेल." त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की हेमलताला पुढं बोलवेना. पोरानं तिची बाजू घेतली होती, आणि नेमकी तीच बाजू खोटी होती.

शनिवारचे पाहुणे तिनं कसेबसे उरकले, आणि फोनवर तिची धाप ऐकून ऋषिकेश रविवारी संध्याकाळी येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला. नवव्या मजल्यावरनं खाली माणसं दिसायची ती कुणी कुणाशी न बोलणारी, कुत्री घेऊन हिंडणारी. शुभांगी भली होती, तिनं कपाळाला हात लावून पाहिला, सूप केलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दुकानातून एक आरामखुर्ची आणली. पाठ उंच, पाय वर, बटण दाबलं की हवी तशी वळणारी. "आता यातच बसायचं, यातच झोपायचं. इंटरनेटवर वाचलं मी, दम्याच्या पेशंटला बेस्ट," ऋषिकेश म्हणाला. इतक्या प्रेमानं आणलेली ती खुर्ची तिला घोट घोट मारायला लागली. सकाळी दोघं कामावर जायची आणि ती खुर्चीत. उठून फरशीवर पडावं तर शुभांगीची स्वयंपाकवाली दहाला यायची, कपडेवाली बाराला. ती त्यांच्यासमोर ताठ बसून राहायची. आपल्या पोराच्या घरात आपण पाहुणी, आणि पाहुणीनं पडायचं नसतं. ओठ चावत बसायची म्हणजे निळे दिसणार नाहीत. शेजारच्या फ्लॅटमधे कुणीतरी दिवसभर गाणं लावायचं, तेच तेच. ते संपलं की घर इतकं गप्प व्हायचं की तिला स्वतःचा श्वास मोजता यायचा. मिनिटाला चौतीस.

पाचव्या दिवशी शुभांगी घरी आली तेव्हा सासू खुर्चीत मान टाकून बसली होती, तोंड शाईसारखं. तिनं आरडाओरडा केला. शेजारी आले. "बसवा, बसवा, सरळ बसवा," असं म्हणत चार जणांनी तिला धरून आणखी ताठ केलं. हेमलताला आवाज ऐकू येत होते. पाडा रं मला, असं ती म्हणत होती, पण ते तोंडातून बाहेर पडत नव्हतं. माणसं तिला वाचवायला धरून बसली होती आणि त्या धरण्यानंच ती चालली होती. वाचली ती गाडीवाल्यांमुळं. रुग्णवाहिकेची माणसं घाईत होती, त्यांनी कुणाचं न ऐकता तिला स्ट्रेचरवर सपाट टाकलं. लिफ्ट खाली जाईपर्यंत तिनं डोळे उघडले.

पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात रात्रभर तपासण्या झाल्या. सगळ्या पडून. सकाळी एक तरुण डॉक्टर आला, डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, खिशावर नाव अतीक. तो कागद चाळत ऋषिकेशशी बोलत होता. छातीचा फोटो ठीक, काळजाची पट्टी ठीक, ऑक्सिजन सत्त्याण्णव. "आजी घरी एकट्या असतात का? काही टेन्शन? कधीकधी मन घाबरलं की श्वास असा होतो. मानसोपचारवाल्या मॅडमना दाखवून घेऊ या."

"झोपल्यावर दम वाढतो का यांना?" त्यानं जाता जाता विचारलं. ऋषिकेशला.

"ती झोपतच नाही डॉक्टर दिवसा. मी लहानपणापासून बघतोय. शेतकरी बाई आहे, आडवं होणं माहीतच नाही तिला."

अतीकनं कागद मिटला. हेमलतानं त्याचा पांढरा कोट पडद्याकडं वळताना पाहिला. हा आता गेला की गोळ्या येणार, मनाच्या. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा नववा मजला. आणि एके दिवशी गाडीवाले उशिरा येतील. तिच्या पायाला तर कुणी हळदकुंकूही लावणार नाही, तो मान विधवेला नाही. तिला मरायची भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. साळूबाईचा, त्या काळ्या बुबुळाचा, या पोराच्या कौतुकाचा, स्वतःच्या त्या बांधावरच्या हसण्याचा.

"ए डॉक्टर," ती म्हणाली. "उभ्यानं मोजा."

तो वळला. "काय आजी?"

"आजी नगं म्हनू, तुझ्या आईच्या वयाची हाय. मला उभं करा आन् मंग मोजा."

"आई, उठू नकोस," ऋषिकेश पुढं आला. "पडशील."

"पडूनच तर हाय ना मी!" ती ओरडली. पडलेली होती म्हणून ओरडता आलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकला. "पडलं का मला बरं वाटतंय. रोज पडते मी. दिसा पडते. दीड वरीस झालं. त्या साधनाबाईनी सांगितलं ते खरं हाय, ती मीच व्हते. औषधांच्या खोलीत पोत्यावर पडते, दार लावून. हितं तुमी मला पाडता, तपासता, आन् म्हनता कायबी न्हाई. कसं असंल? आडवं पडल्यावर मला कायबी नसतंयच!"

ऋषिकेशचं तोंड उतरलं. तिनं ते पाहिलं. दहावीचा निकाल लागला तेव्हा पाहिलं होतं तसंच. पण आता मागं घेता येत नव्हतं, आणि घ्यायचंही नव्हतं.

अतीकनं कागद खाटेवर ठेवले, तिच्या बोटाला चिमटा लावला आणि स्वतः तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. सिस्टरला म्हणाला, "दुसरीकडून धरा." ती उभी राहिली. आकडा सगळ्यांना दिसत होता. त्र्याण्णव. अठ्ठ्याऐंशी. ब्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. ऋषिकेश "बास, बास" म्हणत होता. अतीकनं तिला झोपवलं आणि आकडा वर चढताना तिघं तो पाहत राहिले, विहिरीतनं पोहरा वर येताना पाहावा तसा. सत्त्याण्णव झाल्यावर अतीक खाटेच्या कडेला बसला. डॉक्टर खाटेवर बसत नसतात. "मी हे फक्त पुस्तकात वाचलंय," तो म्हणाला. "तुम्ही घरी मोजलं होतं?"

"व्हय."

"किती वेळा?"

"लई वेळा. दुसरं काम काय व्हतं?"

मग एकदम सगळ्यांना घाई झाली. जी बाई घडीभरापूर्वी मनाची पेशंट होती तिच्याभोवती आता सहा सहा डॉक्टर. तिला पडद्यासमोर नेलं. सलाइनचं पाणी दोन सुयांच्या नळ्यांत इकडून तिकडं घुसळून त्याचा फेस केला आणि दंडातल्या शिरेतून सोडला. पडद्यावर तिचं काळीज होतं, करडं, उघडमीट करणारं. ती पडलेली असताना पांढरे ठिपके एकाच बाजूच्या खोलीत फिरले. तिला बसवलं, आणि दुसऱ्यांदा सोडलेले ठिपके मधल्या भिंतीतून झुंडीनं पलीकडं घुसले. अतीकनं बोट ठेवून दाखवलं. पोटातल्या प्रत्येक बाळाच्या काळजात हे दार असतं, तो म्हणाला, जन्मल्यावर ते मिटतं, पण चारातल्या एकाचं नुसतं लोटलेलं राहतं, कडी लागत नाही. बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. "तुमची पाठ वाकलीय ना, पडल्या होतात कधी?" तीन वर्षांपूर्वी बंगल्याच्या गच्चीच्या पायरीवरून ती पडली होती, पाठ महिनाभर दुखली होती, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "मणके दबलेत त्यात. त्यानं आणि वयानं आतली मोठी शीर रुंदावली, हृदय कललं. तुम्ही उभ्या राहिलात की भिंत ताणते, दार उघडतं, आणि फुप्फुसात न गेलेलं काळं रक्त तसंच पुढं निघतं. तुम्ही कितीही श्वास घ्या, त्या रक्ताला तो मिळतच नाही."

ती ठिपक्यांकडं पाहत होती. "माझी जाऊ व्हती एक," ती म्हणाली. "तीबी पडायची."

"त्यांनाही हेच असेल असं नाही, मावशी. दम लागायला शंभर कारणं असतात."

"न्हाई, असंल न्हाईतर नसंल. कुनी मोजलंच न्हाई."

अतीकनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून तार वर नेली आणि त्या दाराच्या दोन्ही अंगांना जाळीच्या दोन चकत्या बसवून ते बंद केलं. ती जागीच होती, थोडी गुंगीत. छाती फाडली नाही, टाका नाही. बाहेर आणल्यावर सिस्टर म्हणाली, "मावशी, सहा तास सरळ पडून राहायचं. पाय हलवायचा नाही. उठायचं नाव काढायचं नाही." दुपारचे बारा होते. हेमलता आधी हसली आणि मग तिला रडू आलं, डोळ्यांचं पाणी दोन्ही कानांत गेलं. तिला सरकारी शिक्क्यासारखा हुकूम मिळाला होता. सहा तास ती छताकडं बघत पडली. येणाऱ्या जाणाऱ्या बाया, बापये, साफसफाईवाले, तिला आडवी पाहत होते आणि कुणाला काही वाटत नव्हतं. तिला मात्र दर पाच मिनिटांनी वाटायचं, उठून बसावं. सवय जात नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. शहाण्णव, पंच्याण्णव, पंच्याण्णव. तिथंच थांबला आकडा. अतीकनं तिला खोलीभर चालवलं, पंच्याण्णव. ऋषिकेशनं बोटावरच्या चिमट्याचा फोटो काढला आणि शुभांगीला पाठवला, मग आणखी कुणाकुणाला. सगळे आकड्याकडं बघत होते. हेमलता खिडकीशी उभी राहिली. खाली रस्ता होता, गाड्या होत्या. श्वास आत जात होता आणि अंगभर पसरत होता, पायाच्या बोटांपर्यंत. तिला वाटलं, पोरगा आता जवळ येईल आणि काहीतरी म्हणेल, खुर्चीबद्दल, किंवा नुसतं आई म्हणेल. तो फोनमधे होता. "साधनामॅडमना कळवतो, तू एकदम फिट."

"नगं कळवू," ती म्हणाली. "ताम्हिणीचं जोडपं आलंय तितं. मला ठावं हाय."

"मग तू आमच्याकडंच राहा."

"न्हाई. माझ्या घरी सोड मला."

त्यानं फार आग्रह केला नाही. खुर्ची विकायला टाकू का, एवढंच त्यानं गाडीत विचारलं. विक म्हणाली.

कोळवणच्या खोऱ्यात भात पोटरीला आलं होतं. तिचं घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी, ओसरीपुढं वाडीचा रस्ता. आठ दिवस ती कामाला लागली. घर सारवलं, भांडी घासली, विहिरीवरून पाणी आणलं, उभ्यानं, एका दमात. बाया येऊन बघून गेल्या. काळजाला झाकण लावलंय म्हणं, असं म्हणून गेल्या. त्या गेल्या की घर रिकामं व्हायचं. नवव्या दिवशी दुपारी सगळं काम उरकलं होतं, दम लागला नव्हता, काही दुखत नव्हतं, पडायला कारण म्हणून काही उरलंच नव्हतं. आत खाट होती. दार लावता आलं असतं. हेमलतानं ओसरीवर, रस्त्याच्या तोंडाशी, वाकळ पसरली आणि तिच्यावर उताणी पडली.

रस्त्यावरनं वहाणांचा आवाज आला. गेणबा, शंभूचा थोरला चुलतभाऊ, सत्तरीचा, डोक्याला पटका. नात्यानं थोरला दीर. त्याची सावली दिसली तरी वाडीतल्या बाया उठून पदर घेत. चाळीस वर्षांत त्यानं हेमलताचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. तो ओसरीशी थबकला. हेमलताच्या मांड्या ताठ झाल्या, कोपर जमिनीला रुतलं, अंग आपोआप उठायला निघालं. तिनं ते दाबून धरलं. काळीज धडधडत होतं, चकत्यांसकट.

"काय वं हेमे, बरं न्हाई का?"

"बरी हाय की, दादा."

"मंग?"

"मंग काय? पडलीय."

"दुखतंबिखतं काय?"

"कायबी न्हाई."

गेणबा तसाच उभा राहिला. शिवी द्यावी तर बाई नुकतीच दवाखान्यातून आलेली, विचारपूस करावी तर ती म्हणते बरी हाय. त्यानं काठी या हातातली त्या हातात घेतली, एकदा खाकरला, आणि मान खाली घालून पुढं निघून गेला.

वहाणांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. मग तोही गेला. आता सांजपर्यंत इकडं कुणी येणार नव्हतं. हेमलता पडून राहिली.